थोरल्याला जमीन, धाकट्याला रोकड, म्हातारीला चुलीजवळ जागा: इंग्लंडमधल्या साध्या शेतकऱ्यांची मृत्युपत्रं

नॉरिचकर

इंग्लंडमधली वारसापद्धत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. थोरला सगळी इस्टेट घेतो, मधला सैन्यात जातो, धाकटा पाद्री होतो आणि मुली स्थळांची वाट बघत बसतात. हे चित्र हवेलीवाल्यांचं. तीस-चाळीस एकर कसणाऱ्याच्या घरी काय व्हायचं हे बघायचं तर त्यांची मृत्युपत्रं वाचावी लागतात, आणि ती ढिगाने शिल्लक आहेत. मी नोकरीनिमित्त इकडे नॉरिचला असतो. जुनी कागदपत्रं लावून उतरवून काढणाऱ्या एका हौशी गटात बसतो, साधारण १५५० ते १७५० या काळातली. अक्षर मोडीपेक्षा बरं म्हणायचं इतकंच.

कायदा सरळ थोरल्याच्या बाजूचा होता. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालकीची जमीन थोरल्या मुलाकडे. मुलगाच नसेल तर सगळ्या मुलींना सारखी. १५४० पर्यंत बहुतेक ठिकाणी जमीन मृत्युपत्राने देताच यायची नाही. लोक विश्वस्त नेमून पळवाट काढायचे, ते सोडा. त्या वर्षी आठव्या हेन्रीच्या कायद्याने ती मुभा दिली. माझं मत असं की साधा शेतकरी मृत्युपत्र करायचा तेच मुळी या थोरलेपणाला वळसा घालायला. जमिनीचे तुकडे करायचे नाहीत, पण बाकीच्यांना उघड्यावरही टाकायचं नाही. मग जमीन थोरल्याला द्यायची आणि तिच्यावर भावंडांच्या रकमा चढवायच्या.

एक नमुना सांगतो. हे कुणा एकाचं पत्र नाही, पुन्हा पुन्हा येणारी कलमं जुळवून ठेवलीयत. सुरुवात देवाच्या नावाने. मग ‘शरीराने आजारी पण स्मरणशक्तीने ठणठणीत’. हे वाक्य जवळपास सगळीकडे, कारण बहुतेकांनी मृत्युपत्र शेवटच्या आजारातच केलेलं असे. पाद्री, शाळामास्तर नाहीतर लिहितावाचता शेजारी खाटेशेजारी बसून लिहून घ्यायचा आणि म्हातारा खाली फुली मारायचा. आत्मा देवाला, देह चर्चच्या आवारात, गावातल्या गरिबांना दोन-चार शिलिंग. मग मुद्द्याची गोष्ट.

थोरल्याला घर आणि जमीन. पण त्याने धाकट्या भावाला तो २१ वर्षांचा झाल्यावर २० पौंड द्यायचे, अमुक सणाला, गावच्या चर्चच्या दक्षिण पडवीत, चार लोकांसमोर. नाही दिले तर धाकट्याने जमिनीत शिरून रक्कम वसूल होईपर्यंत ती ताब्यात ठेवावी. मुलींना प्रत्येकी १० पौंड, लग्नाच्या दिवशी किंवा २१ व्या वर्षी, जे आधी येईल ते. शिवाय पिसांची गादी, पितळेचं मोठं भांडं, प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूच्या ताटल्या, एक गाय. बायकोला बैठकीवरची खोली आणि विस्तवापर्यंत, विहिरीपर्यंत, भट्टीपर्यंत ‘ये-जा करायची मोकळीक’. बागेतली निम्मी सफरचंदं. तिच्या एका गाईला थोरल्याच्या कुरणात चारा. वर्षाला इतकं सरपण, तेही मुलाने स्वतःच्या गाडीतून आणून दारात टाकायचं. आणि पुढे एक कलम असं, की मायलेकांचं पटलं नाही तर मुलाने तिला वर्षाला इतके शिलिंग द्यावेत आणि तिने वेगळं राहावं.

त्या म्हाताऱ्याला आपली सून पुरती माहीत होती.

खटपट्या

मस्त धागा. वाचतोय.

शेवटचं वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं. प्रतिसाद संमिश्र होता.

सुमेधा_व

छान लिहिलंय, पण बायकोला खोली आणि निम्मी सफरचंदं हे वाचून कौतुक वाटावं की राग यावा कळेना. हयातभर ज्या घरात राबली, त्या घरातल्या विहिरीपर्यंत जायची मोकळीक तिला लिहून द्यावी लागते? आणि मी वाचलंय की ‘विधवा राहील तोवरच’ अशीही अट असायची. पुनर्विवाह केला की सगळं गेलं. हा सरळ मत्सर आहे. मेल्यावरही ताबा सोडायचा नाही.

गावठी वकील

सुमेधाताई, राग समजतो, पण त्या काळचा कायदा बाजूला ठेवून ती अट वाचता येत नाही. लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. पैसा, गुरं, भांडी, सगळं. जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्रसुद्धा करता यायचं नाही. हे बदललं थेट १८८२ च्या कायद्याने. म्हणजे विधवेने दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याची गाय, गादी आणि मुलांसाठी ठेवलेले २० पौंड दुसऱ्या नवऱ्याच्या खिशात. मरणाऱ्या माणसाला भीती बायकोची नसे, तिच्या पुढच्या नवऱ्याची असे. म्हणून काही पत्रांत लग्नाआधी मुलांच्या रकमांसाठी तारण द्यावं, मग खुशाल लग्न करावं असंही कलम असतं. ते पाहिलं की मत्सराचा आरोप निम्मा तरी गळतो.

सुमेधा_व

निम्माच. उरलेला निम्मा ठेवते. कायदाही त्यांच्यासारख्यांनीच केला होता.

नॉरिचकर

सुमेधा, वकीलसाहेब, दोघांशी सहमत. आणखी एक भर.

बायकोला फक्त मृत्युपत्रातलंच मिळायचं असं नाही. मालकीच्या जमिनीवर तिचा तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता हक्क कायद्यानेच असे. आणि बऱ्याच साध्या शेतकऱ्यांची जमीन ‘कॉपीहोल्ड’ असायची, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या इस्टेटीच्या (तिला ‘मॅनर’ म्हणत) हद्दीतली कुळकायद्यासारखी वहिवाटीची जमीन. तिथे राज्याचा कायदा बाजूला आणि त्या मॅनरची रीत पुढे. विधवेला कुठे निम्मी जमीन, कुठे सगळी, कुठे विधवा असेपर्यंत, कुठे मरेपर्यंत. शेजारच्या दोन गावांत दोन तऱ्हा. बर्कशायरमधल्या एनबोर्न गावाची गोष्ट अठराव्या शतकापासून सांगतात: विधवेचा पाय घसरला तर जमीन जायची, पण काळ्या मेंढ्यावर उलटं बसून, शेपूट हातात धरून, मॅनरच्या कोर्टात येऊन कबुलीचं एक वात्रट कवन म्हटलं तर परत मिळायची. खरं किती आणि हसण्यासाठी रचलेलं किती, हा वाद आहेच.

दुसरं, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून नवरे बहुतेकदा बायकोलाच नेमायचे. येणी वसूल करणं, देणी फेडणं, कोर्टात जाऊन शपथ घेणं, धाकट्यांच्या रकमा ते मोठे होईपर्यंत सांभाळणं, हे सगळं तिच्या अंगावर. सोबतीला दोन शेजारी देखरेखीला, त्यांना तसदीबद्दल प्रत्येकी १२ पेन्स. विहिरीची मोकळीक लिहून घ्यावी लागणारी बाई आणि घराचा सगळा हिशोब हातात असलेली बाई एकच.

आडवाटेचा

थोरल्याला जमीन ही रीत तरी सगळीकडे होती का? केंटबद्दल काहीतरी वेगळं ऐकलं होतं.

गावठी वकील

नव्हती. केंटमध्ये ‘गॅव्हलकाइंड’: सगळ्या मुलग्यांना सारखी वाटणी. ससेक्स-सरेकडच्या अनेक मॅनरमध्ये तर ‘बरो इंग्लिश’: जमीन सर्वांत धाकट्याला. तर्क असा देतात की मोठे तोवर मार्गाला लागलेले असतात, घरात उरतो तो शेंडेफळ. या सगळ्या रिती, कॉपीहोल्ड आणि थोरलेपणाचा नियम धरून, १ जानेवारी १९२६ पासून एकदमच गेल्या. म्हणजे आपल्याकडे सायमन कमिशन येण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधीपर्यंत इंग्लंडमध्ये मृत्युपत्राविना मेलेल्याची जमीन थोरला घेत होता.

रानवारा

धागाकर्त्यांना एक टोचणी. मृत्युपत्र करायचे कोण? ज्याच्याकडे काही आहे तो. मजूर, गडी, अर्ध्या एकराचं खोपट असलेला कशाला कागद करेल? तुम्ही ‘साधा शेतकरी’ म्हणताय तो गावातला वरचा थर असणार. शिवाय धाकट्याला २० पौंड हे पितृप्रेम म्हणून सांगताय, पण ते थोरल्याने आणायचे कुठून? आमच्याकडे बहिणींना रोख द्यायला भावाने सोसायटीचं कर्ज काढलं आणि पुढे जमीनच विकली, अशी उदाहरणं गावोगाव आहेत.

नॉरिचकर

रानवारा, दोन्ही मुद्दे बरोबर, आणि दुसरा तर माझ्याच म्हणण्याचा गाभा आहे.

आधी पहिला. मृत्युपत्रं करणारे अल्पसंख्यच. त्यांत ‘योमन’, म्हणजे स्वतःची बऱ्यापैकी जमीन कसणारे, आणि ‘हजबंडमन’, म्हणजे त्याखालचे छोटे शेतकरी, यांचा भरणा. कारागीर असतात, विधवा असतात, अविवाहित बायका असतात. मजूर फार थोडे. पण खोपटवाल्याने कागद केलाच तर त्यात जे दिसतं ते श्रीमंताच्या पत्रात दिसत नाही. एकेक वस्तू मोजून दिलेली असते: रोजचा कोट एका भावाला, सणाचा दुसऱ्याला, मधमाश्यांचं एक पोळं भाच्याला, एक मेंढी धर्मलेकीला. सोळाव्या शतकात खिडकीची काचसुद्धा वेगळी लिहून दिलेली सापडते. काच महाग, घर बदललं की लोक ती काढून नेत.

आता कर्जाचं. मार्गारेट स्पफर्ड या इतिहासकार बाईंनी केंब्रिजशायरमधल्या चिपनहॅम, ऑरवेल आणि विलिंगहॅम या तीन गावांची मृत्युपत्रं आणि जमिनीची दप्तरं शेजारी ठेवून पाहिली. धाकट्यांना काहीतरी द्यायचंच ही धडपड त्यांनाही दिसली: कुणाला दोन एकर, कुणाला रोकड. चिपनहॅम हे धान्य पिकवणारं गाव. तिथले मध्यम शेतकरी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून उतरणीला लागले. १५९० च्या दशकात पिकं ओळीने बुडाली, आणि आधीच भावंडांच्या रकमांनी वाकलेला थोरला त्यात तग धरू शकला नाही. विलिंगहॅम पाणथळ भागातलं. तिथे गावाच्या सामाईक कुरणावर गाई राखून दुधावर भागायचं, त्यामुळे जमिनीचे बारके तुकडे होऊनही माणसं टिकली. एकाच जिल्ह्यात, एकाच तऱ्हेच्या मृत्युपत्रांनी एक गाव फुटलं आणि एक टिकलं. जमीन कशी आहे आणि चराईचा हक्क किती आहे, यावर सगळं होतं. न्यायाने वागणारा बापच घर बुडवू शकायचा, असं माझं वाचन आहे.

खटपट्या

म्हणजे ‘हम दो हमारे दो’ तेव्हाच हवं होतं.

आडवाटेचा

पण बापाने थोरल्याला एक शिलिंग देऊन घराबाहेर काढलं, असं पण असतं ना? इंग्रजीत तशी म्हणच आहे.

नॉरिचकर

त्या शिलिंगाची कहाणी बहुतेकदा अगदी उलटी असते. मृत्युपत्रात थोरल्याला १२ पेन्स, म्हणजे एक शिलिंग, आणि बाकीच्यांना भरपूर असं दिसलं की वाटतं, काय बिनसलं होतं? मग त्या गावचं मॅनरचं दप्तर काढावं. दहा वर्षांपूर्वी बापाने कोर्टात येऊन, कारभाऱ्याच्या हातातली काठी धरून, जमीन सोडलेली असते आणि त्याच काठीने थोरल्याने ती घेतलेली असते. नजराणा भरलेला असतो, नोंदीची नक्कल मुलाच्या पेटीत असते. बहुधा त्याच्या लग्नाच्या सुमाराला. मृत्युपत्रात तो शिलिंग येतो तो फक्त ‘मी याला विसरलो नाही, याला याचं मिळालंय’ एवढं सांगायला, म्हणजे पुढे तो भांडत येणार नाही. खरोखर बेदखल केलेले मुलगेही सापडतात, नाही असं नाही. पण नुसत्या शिलिंगावरून ते ठरवता येत नाही. लग्न झालेल्या मुलींचंही तेच: तिचा हिस्सा हुंड्यात आधीच गेलेला, आता तिच्या मुलांना एकेक कोकरू.

हयातीत जमीन सोडण्याला आणखी एक कारण असायचं. अनेक मॅनरमध्ये कूळ मेलं की जमीनदाराचा माणूस दारात हजर आणि गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर घेऊन जायचा. हक्काने. याला ‘हेरियट’ म्हणत. नवरा गेला त्याच आठवड्यात दुभती गायही गेली. कॉपीहोल्डची जमीन मृत्युपत्राने द्यायची असेल तरी आधी मॅनरच्या कोर्टात ‘माझ्या मृत्युपत्रासाठी’ म्हणून ती सोडावी लागे. १८१५ मध्ये ही पायरी काढली.

मंजिरी साठ्ये-पुणे३८

सगळं ठीक, पण शेक्सपिअरने बायकोला दुसऱ्या नंबरचा पलंग दिला त्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून!

नॉरिचकर

वाटच बघत होतो. तो खेड्यातला शेतकरी नव्हे, पण स्ट्रॅटफर्डसारख्या बाजारगावातला आणि शेतकऱ्यांच्या घराण्यातला, तेव्हा चालेल.

मृत्युपत्र मार्च १६१६ चं. पलंगाची ओळ दोन ओळींच्या मधे नंतर घुसवलेली आहे. उत्तम पलंग पाहुण्यांच्या खोलीत असायचा, म्हणून दुसऱ्या नंबरचा तो नवराबायकोचा, हे स्पष्टीकरण बरेच जण देतात. त्याला पुरावा काही नाही. मला त्याच पत्रातलं दुसरं कलम जास्त बोलकं वाटतं. थोरली सुझॅना, तिला जवळपास सगळी स्थावर. धाकटी ज्युडिथ, तिला रोकड. त्यातले ५० पौंड एका अटीवर: स्ट्रॅटफर्डमधली एक कॉपीहोल्ड झोपडी रोइंग्टन मॅनरची होती, तिच्यावरचा हक्क ज्युडिथने बहिणीच्या नावे सोडायचा. वर आपण जे बोलतोय तेच हे. जमीन एकीकडे एकत्र, दुसरीला पैसे आणि वर हक्कसोडपत्र. बहीण जोनला २० पौंड, त्याचे कपडे, आणि राहतं घर हयातीपुरतं, वर्षाला १२ पेन्स भाड्याने.

मांडवीकाठ

गोंयचो प्रतिसाद. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा, त्यामुळे बापाला मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची मोकळीक. उरलेली निम्मी मुलांची, मुलगा-मुलगी सारखी, ती काढून घेता येत नाही. तुमचा इंग्लिश म्हातारा सगळंच वाटेल तसं देऊ शकायचा हे मला जास्त विचित्र वाटतं. आणि माणूस गेल्यावर वस्तूंची यादी करायची पद्धत तिथे होती म्हणतात, ती आमच्याकडे अजून आहे. ‘इन्व्हेंटरी’ लागली म्हटलं की गोव्यात घरोघरी पोटात गोळा येतो.

नॉरिचकर

मांडवीकाठ, इंग्लंडच्या उत्तरेतही जंगम मालमत्तेपुरतं तसंच होतं. यॉर्कच्या प्रांतात तिसरा हिस्सा बायकोचा, तिसरा मुलांचा आणि फक्त उरलेला तिसरा ‘मेलेल्याचा’, त्याच्या मर्जीचा. ते १६९२ च्या कायद्याने काढलं, वेल्समध्ये १६९६, लंडनमध्ये १७२४. बापाचं पूर्ण स्वातंत्र्य ही जुनी गोष्ट नाही, नंतर आलेली आहे.

यादीबद्दल: १५२९ च्या कायद्यापासून मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला ती करून चर्चच्या कोर्टात द्यावी लागे. हो, मृत्युपत्राचं काम १८५८ पर्यंत चर्चकडे होतं. तीन-चार शेजारी घरभर फिरून खोलीवार किमती लावायचे: दिवाणखाना, स्वयंपाकघर, माळा, गोठा. जमीन यादीत नाही, पण भाडेपट्टा आहे. गंमत अशी की शेतात उभा गहू यादीत येतो, कुरणातलं गवत येत नाही. गहू माणसाने पेरला, गवत आपोआप उगवलं. शेणखताचा ढीगसुद्धा किमतीसह लिहिलेला असतो. शेवटी ‘किरकोळ, विसरलेलं सामान’ म्हणून एक-दोन शिलिंग. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर या याद्या विरळ होत जातात, आणि आमच्यासारख्यांची मोठीच पंचाईत होते.

गावठी वकील

अवांतर नाही, पण आपल्याशी धागा जोडतो. १७२६ च्या सनदेने मुंबईला मेयर्स कोर्ट मिळालं, त्याला मृत्युपत्रांना प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, द्यायचा अधिकार होता. इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्याने सगळ्या मृत्युपत्रांना दोन साक्षीदारांचा एकच नियम लावला. त्याआधी १६७७ पासून जमिनीसाठी तीन लागायचे. तो दोन साक्षीदारांचा नियम १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यात आला, १८७० मध्ये मुंबई शहरातल्या हिंदूंना लागू झाला, आणि १९२५ च्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये आजही आहे. तुम्ही-आम्ही स्टँपपेपरवर (जो मृत्युपत्राला लागतच नाही) दोन मित्रांच्या सह्या घेतो तेव्हा तो तिकडचाच नियम पाळतो. फरक इतकाच की आपल्याकडे हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत पोरगा, आणि २००५ पासून पोरगीही, जन्मतः भागीदार, त्यामुळे बापाची लेखणी अर्ध्यावर अडते.

प्लिमथची सून

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. नवऱ्याचं मूळ घराणं डेव्हनमधल्या खेड्यातलं, सगळे शेतकरी. सासरे नेहमी म्हणतात, आपल्या लोकांनी मृत्युपत्रं केलीच नसणार, काही सापडत नाही. कुठे शोधू?

नॉरिचकर

केली असतील. जळली असतील. डेव्हनची मृत्युपत्रं एक्सेटरला एकत्र ठेवली होती, आणि मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ती सगळी गेली. सॉमरसेटचीही बरीचशी त्यातच.

तरी तीन जागा बघा. एक, एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत ५ पौंडांहून जास्त मालमत्ता असलेल्यांची पत्रं कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टात जायची. ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सुरक्षित आहेत, १३८४ ते १८५८, आणि नावाने ऑनलाइन शोधता येतात. दोन, १८१२ ते १८५७ या काळात करखात्याने मृत्युपत्रांच्या नकला करून घेतल्या होत्या. डेव्हनच्या नकला बचावल्या आणि आता एक्सेटरच्या जिल्हा दप्तरखान्यात आहेत. तीन, आणि इथूनच सुरुवात करा: त्यांच्या गावच्या मॅनरचं दप्तर. तिकडे पश्चिमेला जमीन बऱ्याचदा ‘तीन आयुष्यांच्या’ पट्ट्याने देत. बाप, आई आणि एक पोर अशी तिघांची नावं घालायची, तिघांतलं शेवटचं माणूस मरेपर्यंत पट्टा चालू. एक नाव गेलं की पैसे भरून दुसरं घालायचं. पट्ट्यातच पुढच्या पिढीची सोय झाली की मृत्युपत्रात जमिनीचं नावही येत नाही. सासऱ्यांना गावाचं आणि शेताचं नाव विचारून इथे टाका, बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्लिमथची सून

शेताचं नाव माहीत आहे! व्यनि केलाय.